तात्यांचे नव्वद टक्के

गुरुवार हा आमच्याकडे लाइट जायचा वार. सकाळी सात ते साडेनऊ वीज नाही, हे एकदा अंगवळणी पडलं की बाई आपोआप शहाणी होते. चटणी आदल्या दिवशीच वाटून ठेवते, पाणी भरून ठेवते, यांचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावते, आणि तरीही सकाळी धावतच असते. त्या दिवशी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, डब्याची भेंडी झाकणाखाली शिजत होती, यांना सातपूरच्या फॅक्टरीची बस गाठायची होती आणि एका पायातला मोजा सापडत नव्हता. गॅसवरचं दूध वर यायच्या बेतात होतं. एवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या कॉलनीत दार कोणी वाजवत नाही. लाइट असला तर बेल दाबतात, नसला तर फाटकापासूनच हाका मारत येतात. गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटतो. बोटाच्या पेराने तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा तीनदा, अशी टकटक करणारा माणूस एकच. शेजारचे सावळीराम तात्या निमसे.

दारात तात्याच होते. गळ्याभोवती नेहमीचा पांढरा रुमाल. लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा, मागे नाडीने बांधलेला, त्यांच्या बायकोने, कुसाबाईंनी, जुन्या धोतराचा शिवलेला. हातात चार घड्या घातलेला पिवळा कागद.

"ताई… हा कागद… परत…"

माझा एक डोळा दुधावर. मी म्हटलं, परत करायचाय का त्या डॉक्टरीणबाईंना, ठेवा टीपॉयवर, मी देते. त्यांनी मान हलवली. हवेचा एक घोट गिळला. "परत…" मी म्हटलं, परत वाचून दाखवू का? पुन्हा मान हलली. मग मी परत काय काय करता येतं याचे आणखी दोन अंदाज बांधले. तात्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले आणि वर्गातला गलका थांबायची वाट बघणाऱ्या मास्तरांसारखे डोळे मिटून राहिले. तेव्हा कुठे मी आत जाऊन गॅस बंद केला, उतू गेलेल्या दुधावर फडकं टाकलं आणि येऊन समोर बसले.

"परत लिहायचाय," तात्या म्हणाले.

दोन शब्द. तेवढ्यासाठी मी चार अंदाज आणि पाव लिटर दूध वाया घालवलं होतं.

आज जे लोक तात्यांना असं हप्त्याहप्त्याने बोलताना बघतात त्यांना खरं वाटणार नाही, पण पंचवटीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव पुकारायचं काम तात्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. खंडेराव पिंगळे हे आडते, गाळा त्यांचा, आवाज तात्यांचा. कोथिंबीर, मेथी, शेपूच्या जुड्यांचे ढीग लागायचे, भोवती व्यापारी उभे राहायचे आणि तात्या मधोमध उभे राहून शेकड्याचा भाव चढवत न्यायचे. तीनशे, तीनशे दहा, वीस, कोण म्हणतं तीस. पेठ नाक्यावर सुरगाण्याच्या जीपा भरत असायच्या, तिथले ड्रायव्हर म्हणायचे की आम्हाला भाव विचारायला यार्डात जावं लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरात काही तो आवाज येत नसे, पण तात्या घरी आले की मात्र यायचा. जेवताना मीठ मागितलं तरी तीनदा मागायचे, आणि तिसऱ्यांदा असं की नाही आणलं तर मिठाचा ढीग दुसऱ्या कुणाच्या नावावर होईल.

आवाजाला जोडीदार बिडी. सत्त्याण्णवच्या सुमारास घसा बसला. सगळ्यांनी सांगितलं, ओरडून बसलाय. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, हरसूलच्या बाजारातून कुणीतरी आणलेली मुळी उगाळून झाली. वर्षभर सगळ्यांचे सल्ले संपवून मग तात्या मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात गेले. तिथे स्वरयंत्र अख्खंच काढावं लागलं. गळ्याच्या तळाशी एक भोक राहिलं, आणि श्वास तेव्हापासून तिथूनच. नाक उरलं ते चष्म्यापुरतं.

मुंबईच्याच एका बाईंनी त्यांना नवी विद्या शिकवली. हवा पाण्यासारखी गिळायची, ढेकरेसारखी वर आणायची आणि ती तोंडातून जाता जाता तिचे शब्द करायचे. एका घोटात दोन शब्द, फार तर चार. तात्या रोज सकाळी व्हरांड्यात बसून सराव करायचे. कॉलनीला वाटलं, ऑपरेशननंतर बिचाऱ्यांच्या पोटात गॅस धरतोय. कुणी ओवा पाठवला, कुणी सोड्याच्या पुड्या. मी हिंगाष्टक चूर्ण पाठवलं, बरणीभर. आठ महिन्यांनी एक दिवस अशीच टकटक झाली. तात्यांनी रिकामी, धुऊन पुसलेली बरणी माझ्या हातात दिली आणि सावकाश म्हणाले, "पोट… ठीक आहे."

आवाज खरखरीत होता, विहिरीतून आल्यासारखा. पण शब्द स्पष्ट. मला फार आनंद झाला होता. आणि त्या आनंदात, हे सांगायला हवं, त्यांचं पुढचं वाक्य मीच पूर्ण केलं.

ते सगळेच करतात. तात्यांनी घोट घेतला की समोरच्याला ती जागा रिकामी दिसते, आणि रिकामी जागा दिसली की आपल्या लोकांना तिथे बसल्याशिवाय राहवत नाही. एकदा ते कॉलनीतल्या सुलाबाईंच्या दारात जाऊन "पाण्याची" एवढं म्हणाले. सुलाबाईंनी तांब्या आणला. तात्या भिडस्त, प्यायले. पुन्हा "पाण्याची" म्हणाले, पुन्हा पेला भरला. तिसऱ्या पेल्यानंतर सुलाबाईंच्या जिन्यावरून ओघळ आला तेव्हा कळलं की गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. खंडेरावांपुढे तात्यांनी तोंड उघडलं की खंडेराव वाक्य संपवतात ते एखाद्या भावाने. आणि कुसाबाई नवऱ्याची सगळी वाक्यं संपवतात ती "आन चूक माझीच" अशी. तात्यांचं म्हणणं असं कधीच नसतं, पण ते सांगायला आणखी एक घोट लागतो.

तर पिवळा कागद.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. आदल्या रविवारी योगिनी नावाची एक डॉक्टरीण स्कूटीवरून आली होती. शहराबाहेरच्या मेडिकल कॉलेजात ती नाक-कान-घशाचं पुढचं शिक्षण घेत होती आणि तिला प्रबंध लिहायचा होता. सहा वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसाला मेलेल्या माणसाचं स्वरयंत्र बसवलं आणि तो बोलायला लागला. असं ऑपरेशन आपल्याकडे कधी झालंच, तर लोकांना ते हवंय का, त्यासाठी केवढा धोका पत्करायची त्यांची तयारी आहे, हे ती विचारत फिरत होती. ज्यांचा आवाज गेलाय त्यांच्यासाठी पिवळा फॉर्म, ज्यांचा आहे त्यांच्यासाठी पांढरा.

तात्यांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. तात्यांचा मुलगा महेश, त्याचं पेठ रोडला मोबाइलचं दुकान, कुसाबाई, खंडेराव, जे आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाचे अध्यक्षही आहेत, सुलाबाई, आणि मी, कारण मी बी. ए. आहे आणि कॉलनीत कुठलाही छापील कागद आला की मला बोलावतात. योगिनीने शांतपणे सगळं सांगितलं. परका अवयव शरीर टाकून देऊ नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. त्या औषधांनी अंगातली ताकद कमी होते, साधं दुखणंही झेपत नाही, आणि जुना कॅन्सर पुन्हा डोकं वर काढू शकतो. ऑपरेशन फसू शकतं. माणूस दगावू शकतो. जमलं तर मात्र स्वतःचा म्हणावा असा आवाज येईल, कदाचित गळ्याचं भोक बुजवता येईल. असं ऑपरेशन इथे सध्या कुणी करत नाही. आणि हा अर्ज नाही, यात फक्त तुमचं मत हवंय. हे शेवटचं तिने तीनदा सांगितलं.

तीनदा सांगितलं म्हणूनच कुणाचा विश्वास बसला नाही. आपल्याला छापील कागद माहीत आहेत. रेशनकार्डाचा, गॅस कनेक्शनचा, प्लॉटचा, कॉलेजच्या ॲडमिशनचा. रविवारच्या उन्हात घरी येऊन नुसतं मत विचारायला कोण येतं? मतं मागायला येतात तेही पाच वर्षांतून एकदा, आणि तेही काहीतरी देतो म्हणून सांगतात. महेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, त्यांना उघड बोलता येत नाही. समजून घ्यायचं आपण." मग मोठ्याने, अगदी सहज विचारल्यासारखं त्याने योगिनीला विचारलं की यात टक्के जास्त लिहिले तर नंबर लवकर लागतो का. योगिनी नाही म्हणाली. महेशने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

चौथ्या प्रश्नावर खोळंबा झाला. नवा आवाज मिळवण्यासाठी मृत्यूचा किती टक्के धोका पत्कराल? शून्यापासून नव्वदपर्यंत चौकोन.

महेश म्हणाला, दहा लिहू. खंडेरावांना ते हलकं वाटलं. "दहा म्हंजी काय, जुड्या सुकल्यात का? वीस घ्या." महेशने तीस केलं. सुलाबाईंचा नातू त्या वर्षी दहावीला होता. त्यांना टक्के म्हटलं की एकच गोष्ट सुचायची. त्या म्हणाल्या की तीस टक्क्यांत तर कुठंच नंबर लागत नाय, पोराच्या क्लासचे सर म्हणतात पंच्याऐंशीच्या खाली बोलूच नका. खंडेरावांनी पन्नास पुकारलं. महेश साठवर गेला. बापाच्या प्रेमात मागे राहतो की काय असं त्याला झालं असावं. खंडेराव सत्तर म्हणाले, महेश ऐंशी म्हणाला, आणि खंडेराव उभे राहून म्हणाले, "नव्वद. आपला माणूस हाय, हात आखडता नाय घ्यायचा."

ज्यांना मरायचं नव्हतं त्यांच्यात ही बोली लागली होती. ज्यांच्या नावावर ढीग होता ते तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. दहाला त्यांनी तोंड उघडलं, घोट घेतला. तोवर भाव तीसवर गेला होता. तीसला हात वर केला, साठ झाले. बावीस वर्षं दुसऱ्यांचे भाव पुकारलेल्या माणसाचा स्वतःचा भाव त्याच्यासमोर चढत होता, आणि त्याला मधे एक आकडा घालता येत नव्हता. महेशने नव्वदच्या चौकोनात बरोबरची खूण केली, खाली "सावळीराम निमसे" अशी सही केली, शाळेत प्रगतिपुस्तकावर करायचा तशीच हुबेहूब.

मग लोक निवांत झाले आणि खऱ्या काळज्यांकडे वळले. देणारा कोण असेल? खंडेरावांना शंका आली की तो सटाण्याकडचा निघाला तर तात्या घरात "काय शे, कसं शे" करत फिरायचा. योगिनीने सांगितलं की बोली डोक्यात असते, यंत्रात नसते. सुलाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "म्हंजी आपल्यातलाच बघून घेत असतील ना?" योगिनीने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

कुसाबाईंचा पांढरा फॉर्म मी भरला. फायदे काय, तर त्या म्हणाल्या, नवऱ्याला परत आवाज आला तर पोराला बरं वाटंल. तोटे काय, असं विचारल्यावर त्या थोडा वेळ पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. "आवाज होता तवा लय वरडायचे," त्या म्हणाल्या. "आता घरात टीव्ही ऐकू येतो." मग एकदम त्यांनी तात्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या की औषधाने ताकद जाणार असंल तर नको लिहा, आणि लगेच महेशकडे बघून म्हणाल्या की पोरगा म्हणंल तसं लिहा. फॉर्मवर अशा उत्तराला चौकोन नव्हता.

महेशला कुणी वाईट म्हणू नये. त्याचा जीव बापावर आहे. अख्ख्या नाशिकच्या हातात त्याने मोबाइल दिला, आणि बापाला फोन करून "जेवलात का" विचारायची सोय नाही, हे त्याला खुपतं. तात्यांनाही त्याने एक हँडसेट दिलाय. त्यांच्यात मिस्ड कॉलची भाषा आहे: एक म्हणजे जेवायला येतोय, दोन म्हणजे उशीर, तीन म्हणजे दुकानात ये. या तीन वाक्यांवर बाप-लेकाचं दोन वर्षं चाललंय. चौथं वाक्य हवं असं पोराला वाटलं, यात त्याचं काय चुकलं? फक्त ते बापाकडून वदवून घ्यायला त्याने बापाचाच जीव नव्वद टक्के लावला.

योगिनीने जाताना दोन-चार कोरे फॉर्म माझ्याकडे ठेवले, कुणी राहिलं असेल तर भरून घ्या म्हणाली. भरलेले सगळे गोळा करायला गुरुवारी संध्याकाळी येते असं सांगून गेली. आणि गुरुवारी सकाळी तात्या माझ्या व्हरांड्यात बसले होते, चार दिवस न झोपल्यासारखे.

"नव्वद लिहिलं… म्हणजे मला… नेणार का?"

तेव्हा मला कळलं की कॉलनीची चूक तात्यांनीही केली होती, फक्त उलट्या बाजूने. लोक नंबर लागेल म्हणून खूश होते. तात्या नंबर लागेल म्हणून घाबरले होते. मी त्यांना समजावलं की कुणी न्यायला येणार नाही, असं ऑपरेशनच इथे होत नाही, हे नुसतं मत आहे, पुस्तकात जाणार. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले.

"मग… माझं मत… कुठंय?"

मी पुन्हा बसले. हे तोवर डबा न घेताच गेले होते, वेगवेगळे मोजे घालून.

आम्ही कोरा पिवळा फॉर्म काढला. मी प्रश्न वाचायचे, तात्या उत्तर द्यायचे. पहिल्या प्रश्नाला त्यांनी "बोलायला… त्रास…" म्हटलं आणि मी "होतो" लिहून टाकलं. तात्यांनी माझ्या पेनावर बोट ठेवलं. त्यांना म्हणायचं होतं की बोलायला त्रास नाही, ऐकणाऱ्यांना आहे. मी खोडलं. दुसऱ्या प्रश्नालाही एकदा खोडलं. तिसऱ्यापासून पेन टीपॉयवर ठेवून ऐकायला लागले. एका उत्तराला पाच मिनिटं लागायची, आणि खरं सांगते, तेवढी पाच मिनिटं मी माझ्या नवऱ्याचंही सलग कधी ऐकलेलं नाही.

चौथा प्रश्न आला. तात्यांनी सगळ्यात आधीच्या चौकोनावर बोट टेकवलं. शून्य.

"एकदा… घासाघीस करून… जीव आणलाय. परत… लिलावात… नाही काढणार."

मग त्यांनी एक घोट घेतला, सोडून दिला, पुन्हा घेतला. मी अंदाज बांधला नाही, एवढी सुधारणा माझ्यात झाली होती. शेवटी त्यांनी विचारलं, "वास… येईल का?"

मला प्रश्नच समजला नाही. मग कळलं. श्वास गळ्यातून चालतो, नाकात हवा जात नाही, त्यामुळे पाच वर्षांत तात्यांना कसलाच वास आलेला नव्हता. सकाळी भाजी घ्यायला ते अजून यार्डात जातात. मेथीची जुडी हातात घेतात आणि नाकाशी नेतात. मी पाहिलंय, सगळ्यांनी पाहिलंय. आम्हाला वाटायचं, धंद्याची सवय. फॉर्ममध्ये आवाजावर अकरा प्रश्न होते. वासावर एकही नव्हता.

संध्याकाळी पाचला योगिनी आली. पुन्हा तोच हॉल, तीच माणसं. सुलाबाईंनी या वेळी नातवालाही आणलं होतं, सामान्य ज्ञानासाठी. खंडेरावांनी सांगून टाकलं की मंडळाने तात्यांचा सत्कार ठरवलाय, नव्या आवाजाला शुभेच्छा म्हणून. शाल आलेली आहे. वक्ते सहा आहेत. तात्यांच्या वतीने आभार महेश मानणार आहे.

मी योगिनीच्या हातात दोन पिवळे फॉर्म ठेवले. एकच नाव, एकावर नव्वद, एकावर शून्य.

महेशने दोन्ही पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ताई, हा तुम्ही भरलाय." मी म्हटलं, अक्षर माझं आहे, उत्तरं तात्यांची आहेत. तो म्हणाला की तात्यांना टक्केवारीतलं काय कळतं. हे तो शेकड्याच्या भावावर हयात घालवलेल्या माणसाबद्दल म्हणत होता. खंडेरावांचं म्हणणं पडलं की शून्यापासून बोली सुरू करतो असा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि शालीचं काय करायचं. कुसाबाईंनी तात्यांच्या गळ्याचा रुमाल सरळ केला.

योगिनी दोन्ही कागद मांडीवर ठेवून बसली होती. दमलेली दिसत होती. आतापर्यंत चाळीस घरं झाली, म्हणाली, आणि बहुतेक घरांत असंच. पांढऱ्या फॉर्मवर आकडा मोठा, पिवळ्यावर छोटा. ज्यांना आवाज आहे त्यांना तो फार मोलाचा वाटतो. मग ती तात्यांकडे वळली.

"तात्या, तुमचा म्हणून कोणता ठेवू?"

तात्यांनी घोट घेतला. "मला…"

"विचाराला वेळ पाहिजे," महेश म्हणाला.

"आठवडाभर द्या त्याला," खंडेराव म्हणाले.

"चहा पाहिजे," म्हणत कुसाबाई उठल्या.

योगिनीने पेनाचं टोपण लावलं आणि तात्यांकडे बघत राहिली. तात्यांनी माझ्या अक्षरातला कागद तिच्या बाजूला सरकवला. दुसऱ्याची नीट घडी घातली आणि ती खंडेरावांच्या हातात दिली. "हा… तुमचा."

मग त्यांनी वासाचं विचारलं. योगिनी क्षणभर गोंधळली. तिने कबूल केलं की हे तिच्या फॉर्ममध्ये नाही. मग विचार करून म्हणाली की भोक बुजलं आणि श्वास नाकातून सुरू झाला तर वास येऊ शकतो. खात्रीने सांगता येणार नाही, पण येऊ शकतो.

तात्यांच्या तोंडावर असं काही आलं जे मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पंजा उघडून दाखवला. पाच.

"पाच," खंडेराव लगेच सावरून बसले, "कोण म्हणतं दहा?"

तात्यांनी दुसरा हात वर केला आणि खंडेराव थांबले. यार्डात हा हात वर झाला की सौदा थांबायचा. सवय त्यांच्याही अंगात होती.

योगिनीने अवघडून सांगितलं, "तात्या, ऑपरेशन एकच असतं. आवाजाला शून्य आणि वासाला पाच असं वेगळं नाही करता येत. धोका सगळ्याला मिळून एकच, आणि तो पाचावर भागणारा नाही."

तात्यांनी हिशेब केला. किती वेळ लागला कोण जाणे. महेशचं तोंड दोनदा उघडलं. दुसऱ्यांदा कुसाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तात्यांनी पंजा हळूहळू मिटला.

"मग शून्य."

योगिनीने मान डोलावली. समासात तिने वासाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली की हे मी माझ्या सरांना दाखवणार आहे. मग फॉर्म उलटला. शेवटची ओळ कोरी होती, ती सकाळी आम्ही दोघांनीही सोडून दिली होती. आणखी काही सांगायचं असल्यास. योगिनीने तो प्रश्न वाचला, पेन कागदावर टेकवलं आणि थांबली.

तात्यांनी आधी महेशकडे बघितलं, मग कुसाबाईंकडे, मग माझ्याकडे. त्यांना सात वेळा हवा गिळावी लागली. त्या जागा मी इथे दाखवत नाही, कारण त्या दिवशी तिथे कुणी काही घातलं नाही.

"मला नवा आवाज नको, आहे तो पुरतो. फक्त मी बोलायला लागलो की थोडं थांबत जा. माझं वाक्य मला संपवू द्या."